इमानपट्टीवरचं खळं

माझं माहेर पारनेरकडचं, राळेगणच्या पल्याड, सगळं माळरान. लगीन ठरलं तवा आमच्या आत्यानं सांगितलं, पोरी नशीब काढलंस, तुझ्या सासरी इमान उतरतं. आमी विमानाला इमानच म्हनतो ताई, तुमी हसा खुशाल. मी आपली बैलगाडीत मान वर करून बसले, इमान काय दिसंना, मान मातुर धरली. दिसली ती सिमिटाची लांबच्या लांब पट्टी आन् तिच्यावर बाया जवारी उफनत हुत्या. म्हनलं, अगं बया, ह्ये इमान व्हय.

ती पट्टी गोऱ्या साहेबाच्या राज्यातली, मोठी लढाई चालली हुती तवाची. माझ्या सासूनं तिथं खडी वाहिली डोक्यावर. ती सांगायची, पयलं इमान उतरलं तवा बैल दावी तोडून पळाले आन् बाया आरतीचं ताट घिऊन धावल्या, तर आत बसलेलं पोरगं एवढं घाबरलं की खालीच उतरंना. मिसरूड फुटलेलं पोरगं, बघा. सकाळी इमानं उडायची ती संध्याकाळी बाया शेतातनं मोजायच्या, समदी आली का म्हनून. एक दिवस एक आलंच न्हाई, डोंगराला आदळलं म्हनले. सासू म्हनायची, त्या रातीला भाकरी गोड लागली न्हाई गं, कुनाचं का लेकरू असंना. हे सांगताना म्हातारी दर वेळंला पदर डोळ्याला लावायची.

मग लढाई सरली, साहेब गेला, पट्टी ऱ्हायली. लोकांनी काय केलं, तिचं खळं केलं. शेनानं सारवायला नको, जवारीत खडा न्हाई, आन् वारं असं मोकळं की पाटी उचलली की भुसकट आपोआप बाजूला. त्या साहेबानं वारं बघूनच पट्टी आखली असंल, इमानाला वारं लागतं तसं उफनायला बी लागतं. सिमिटाच्या चौकोनी फरशा हायेत ना, त्या घराघरानं वाटून घेतल्या. आमच्या घराला दोन. पयल्या सुगीला मी चपला घालून फरशीवर पाय टाकला तर सासूनं असा हात धरला, म्हनली, खळ्यात लक्ष्मी येती, तिच्या अंगावर पायतान घिऊन जातीस व्हय गं. तवापासून कधी विसरले न्हाई. चपला काठाला, मग फरशीवर पाय.

आता खरी गंमत ऐका. आमचे मालक आन् थोरले दीर येगळे झाले. भांडी वाटली, बैल वाटले, फरशा बी चिठ्ठ्या टाकून वाटल्या. एक फरशी सपाट, ताटावानी. दुसरी मधोमध फुटलेली, तिच्या भेगंत दाना जायचा. सपाट आमच्याकडं आली. माझी थोरली जाऊ, आक्का, तिचं म्हननं थोरल्याचा मान हाय, सपाट माझी. मी म्हनलं, चिठ्ठी तुमच्याच मालकांनी उचलली ना, मग. झालं, बोलनं बंद. काय सांगू ताई तुम्हाला, शेजारी शेजारी उफनायचं आन् तोंडं दोन दिशेला. ती झाडायची ती दोन फरशांच्या जोडापातूर, बोटभर पुढं न्हाई. मी बी तशीच, मी काय कमी हाय व्हय. दोघींचे मालक वर गेले, पोरं एकमेकांच्यात जेवू लागली, आमचं आपलं तेच. मळनीचं मशीन आलं तरी आमी फरशी सोडली न्हाई, वाळवायला, उफनायला तिथंच.

आन् मग दुसरा एक साहेब आला. इमानदळातला, रिटायर झालेला, पांढऱ्या मिशा, बोलायला गोड. समदी पट्टी पायानं हिंडला. बाकीची पट्टी कुठं ऱ्हायलीय, कुनी दगड घराला नेला, कुनी रस्त्याला, उरल्यात बाभळी उगवल्या. नीट ऱ्हायल्या त्या आमच्या ह्या मळनीच्या फरशा, दर सुगीला झाडून झाडून भेगंत गवत येऊ दिलं न्हाई म्हनून. साहेबानं माझे हात हातात घेतले, म्हनला, माय, तुमी जपली म्हनून ही ऱ्हायली, आता हितनं उडून माघारी न आलेल्या पोरांच्या नावानं हितं बाग करायची. मी बी खुळी, मला लई बरं वाटलं. घरी आल्यावर उजेड पडला, की बाग म्हंजे कुंपन, कुंपन म्हंजे आपली जवारी बाहेर. जपलं नसतं तर कुनी मागितलं असतं का? डोकं नुसतं भनानलं माझं.

ग्रामसभेला गेले. बायांत मागं बसायची मी, त्या दिवशी पुढं जाऊन बसले. म्हनलं, माझी फरशी मी देनार न्हाई, त्या लेकरांचं मला बी वाईट वाटतं, पन माझी सुगी मी कुठं न्यावी. सरपंच म्हनला, काकू, कागदावर समदी सरकारची हाय, तुमची कशी. तवर मागनं आवाज आला, आक्काचा. उभी ऱ्हायली, पदर खोचला, म्हनली, सपाट फरशी तिची हाय. वाटनीत तिला आलीय, मी साक्षी हाय, तिची न्हाई म्हनायचं असंल तर मला आधी म्हना. अहो, जिच्यापायी जलमभर माझ्याशी बोलली न्हाई, ती फरशी भर सभंत माझी केली तिनं. मला रडूच फुटलं. म्हनलं, आक्का, अवं आता कशाला, आता तर जानार ती. म्हनली, जाऊ दे की, जाताना तरी खरं नको का बोलाया.

गेलीच. सत्तेपुढं शानपन चालतं व्हय. शाळंमागं नवं खळं दिलं सिमिटाचं, बरं हाय, पन भिंतीनं वारं अडतं, भुसकट तोंडावर येतं.

बाग उघडायला मांडव घातला, पुढारी आले, बँडवाले आले. आमी दोघी म्हाताऱ्या मागनं गेलो. आत नावांचा काळा दगड, कडंनं फुलझाडं, आन् मधी आमच्या फरशा धुऊन पुसून. काठाला आलो आन् सवयीनं दोघींनी चपला काढल्या. साहेब बघत हुता. थांबला, वाकला, बुटाची नाडी सोडायला लागला, तोल जायला लागला तर माझा खांदा धरला. मग त्याचं बघून पुढाऱ्यानं काढले, फौजदारानं काढले, सरपंचाच्या मोज्यातनं अंगठा बाहेर आल्याला समद्या गावानं बघितला. साहेब भाषनात म्हनला, ह्या मायांनी माझ्या मेलेल्या पोरांसाठी पायतानं काढली. आक्कानं मला कोपरानं ढोसलं. मी म्हनलं, गप ऱ्हा, मानसाचं मन मोडायचं न्हाई. पन खरं सांगू, त्या वक्ताला मला सासूची न गोड लागलेली भाकरी आठवली, आन् वाटलं, तो काय खोटं बोलला न्हाई.

आता तर गेटावर पाटीच लावलीय, चपला बाहेर काढा म्हनून. संध्याकाळी आमी दोघी येऊन बसतो, गुडघे दुखतात, एकमेकीला धरून उठतो. शाळंची पोरं इचारतात, आजी, हितं देव न्हाई काय न्हाई, चपला कशापायी काढायच्या? आक्का म्हनती, सांग तू. मी सांगते, इमानासाठी, बाळांनो. ज्याला जे समजायचं ते समजू दे.

देव त्या लेकरांच्या आत्म्याला शांती देवो, आन् साहेबाला बी औक्ष देवो. चला, उठा, आक्का आत बसलीय, वाट बघत असंल. जरा थांबा ताई, चपला काढा. हितनं आमची फरशी लागती.