लाईट गेली म्हणून राहिलेला आवाज

वहिनी, आणि जमलेली सगळी मंडळी,

दामूअण्णांच्या दुकानात मी तासन्‌तास गप्प बसलेय. आज त्यांच्याबद्दल बोलायला उभी राहिले, तर जीभच वळत नाय. सांभाळून घ्या.

मी सुलभा. रोह्याजवळ वरशाला राहते, शिक्षिका होते. पेणला अण्णांकडे आले ती एक कॅसेट घेऊन. जुन्या कॅसेटमधला आवाज ते कॉम्प्युटरवर उतरवून पेनड्राइव्हमध्ये भरून द्यायचे. इथे बसलेल्या कितीतरी जणांच्या घरची लग्नं, भजनं त्यांनीच वाचवलीत. खरं ना?

माझी आई धवलारीण. खाडीकडच्या गावांत लग्न म्हटलं की धवले गायला आईच. मामाने एकदा तिचे धवले टेप केले आणि पुन्हा कुणी पुसू नयेत म्हणून कॅसेटच्या कडेचे प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकले. आणि मी? आठवीतली शहाणी! त्या भोकांत कागद कोंबला आणि वर रेडिओची गाणी भरली. रेडिओ बंद केला, टेप बंद करायची विसरले. ती आपली फिरतेय, आईला पुसतेय. लाईट गेली तेव्हा थांबली.

पुढच्याच वर्षी आई गेली. मी काय करून ठेवलं ते घरात कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. सांगितलं ते फक्त अण्णांना.

वाटलं, ओरडतील. तर हा माणूस खुर्ची पुढे ओढून विचारतो, "लाईट किती वाजता गेलेली गो?"

"अण्णा, चाळीस वर्षं झाली त्याला!"

"मग ऐकूनच बघू."

गाणी संपली. नुसती खरखर. मी म्हटलं, "अण्णा, ढकला पुढे. कोरी आहे."

"ढकलायची नाय. कोरी हाय असा तू बोलतेस. टेप कुठं बोललीय अजून?"

चहा आला, निवला. खरखर चालूच. मी दोनदा पर्स उचलली. अण्णा डोळे मिटून बसलेले. आणि एकदम त्यांनी हात वर केला.

धवल्याचं शेवटचं कडवं. आईचं! आणि लगेच तिचा ओरडा, "सुले, त्या बटनाला हात नको लावूस गो, पुसल सगला!"

अख्ख्या दुकानात आईचा आवाज. मी हसले की रडले, मला सांगता येणार नाही. ते अण्णांनाच ठाऊक. आता कुणाला विचारू? लाईट गेली म्हणून माझी आई राहिली, आणि हा माणूस थांबला म्हणून मला सापडली.

एक विचारायचं राहूनच गेलं. एवढ्या लोकांची एवढी खरखर ऐकायची, अण्णा, तुम्हाला कंटाळा कसा आला नाय? परवा वहिनींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "घरी पण तसाच होता. मी रुसून गप बसले, तर समोर येऊन बसायचा. बोलायचा, मी हाय हितंच, तुझा आवाज येईपर्यंत."

चला, उभे राहूया. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. मोबाईलमध्ये किती वेळ झाला तेही बघू नका. अण्णा कोरी टेप ऐकायचे, तसं ऐकूया. ढकलायचं नाय.

अण्णा, तुम्ही बसा आता. आज आम्ही थांबतो.