प्लग तं चांगला होता

...नाही, तुमीच सांगा मले, ज्या मानसाची सोताची गॅरेज हाये, मूर्तिजापुरात, स्टेशनाच्या रस्त्यावर, ज्याच्या हातून अर्ध्या तालुक्याच्या मोटरसायकली जातात, त्याले येनारं प्रत्येक गिऱ्हाईक गाडी स्टँडवर लावता लावता म्हनन का, "धरमभाऊ, प्लग जरा ध्यानानं पाहाजा बरं, तुमचा ऐन टायमाले गेला म्हने," तं त्या मानसानं काय करावं? पाना फेकून मारावा का? काल तं एक मास्तर आला, त्याच्या गाडीत फक्त हवा कमी होती, हवा, तो बी मले शिकवते, "प्लगाचा काही भरोसा नसते, धर्मेंद्र." म्या हवा भरून देली. पन तुमाले सांगतो, प्लग तं चांगला होता. नवा होता. आदल्या दिवशी माह्या हातानं बसवला होता. ही प्लगाची भानगड कुठून निघाली ते सांगतो, बसा, पन मधात टोकाचं नाही, अन् हासाचं तं बिलकुल नाही.

आता रेस म्हंजे डांबरावरची नाही बरं, टीव्हीतली ते खाली चिकटलेली गाडी नाही. आपली मोटरसायकलीची, मातीतली, वळनं अन् उड्या. वर्षात तीन रेसा, तिन्हीचे पॉइंट मिळवाचे, ज्याचे जास्त तो वऱ्हाडचा चॅम्पियन. शेवटची रेस अमरावतीले, वलगाव रोडवर, सोयाबीन निघालेल्या वावरात. तिले नाव काय देलं? अमरावती ग्रां प्री. अन् बॅनर ज्यानं छापलं त्यानं छापलं 'ग्रँड प्रिक्स', अन् माही माय चतुराबाई, तिले चष्म्यातून ते वाचता वाचता 'फिरीज' झालं. दोन दिवस मले विचारून राहिली, "पयल्या नंबराले फिरीज भेटते का रे?" शेवटी रश्मीनं, म्हंजे माह्या बायकोनं, समजावून सांगितलं का आत्या, फिरीज नाही, कप भेटते, रिकामा. माय म्हने, "मंग एवढं पळता कायच्यासाठी?" आता याचं उत्तर मले पंधरा-सोळा वर्षांत सापडलं नाही, तं तिले काय सांगू?

टीम गोपालभाऊची. गोपालभाऊचं अकोल्यात पाइपाचं अन् मोटरपंपाचं दुकान हाये, मोठं. गाड्या त्याच्या, पेट्रोल त्याचं, टी-शर्ट त्याचे, अन् टी-शर्टावर फोटो बी त्याचाच, पोटावर, म्हंजे मी जेवलो का गोपालभाऊ जाड दिसते. टीममंधी आमी दोघं. एक मी अन् दुसरा अंकुर, गोपालभाऊचा सख्खा भाचा. पोरगं चांगलं हाये, मी खोटं नाही बोलत. सरळ रस्त्यावर असा पळवते का पाहत राहावं. वळनावर मात्र मले शक हाये का डोळे मिटून घेते. अन् मी चाळिशीले आलो. म्या रश्मीले सांगितलं होतं, हे शेवटचं वर्ष. ते म्हने, "हे तुमी लग्नाच्या आधीपासून सांगून राहिले."

तं याच्या आधीची रेस अकोल्याले झाली. मी पुढं होतो, अंकुर माह्या मागं. आमच्या रेसमंधी कानात फोनबिन नसते, मालकाले जे सांगाचं ते तो कडेले उभा राहून बोर्डावर लिवून दाखवते, खडूनं. गोपालभाऊनं बोर्ड वर केला. त्याच्यावर लिवलं होतं: 'अंकुरले जाऊ दे.' एवढं साफ, एवढं मोठं, का माह्या मांगून येनाऱ्या पोट्ट्याईनं बी वाचलं असन. आता मी पुढं हाये, गाडी माही चांगली चालून राहिली हाये, अन् मले सांगते का त्याले जाऊ दे. कोनत्या कायद्यात बसते हे? पन गाडी कोनाची? त्याची. पेट्रोल कोनाचं? त्याचं. देलं जाऊ. अंकुर गेला, अन् त्याच्यासंगं माहे पॉइंट बी गेले. मंग तंबूत गोपालभाऊनं माह्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हने, "धर्मेंद्र, टीम म्हंजे परिवार असते. अन् तू समजदार हायेस." समजदार. हा शब्द तुमाले बी कोनी ना कोनी म्हटला असन. आपल्याकडे ज्याच्या हातचं काही काढून घ्याचं असते ना, त्याले आधी समजदार म्हनतात. म्या च्या पेलो.

तं अमरावतीले आमी गेलो तवा हिशेब असा होता. यवतमाळचा सहदेव सगळ्याईच्या पुढं, मी त्याच्या थोडासा मागं, अकोल्याचे पॉइंट हातचे गेले नसते तं मीच पुढं असतो, पन ते सोडा. आता मी पयला आलो तं चॅम्पियन मी. सहदेव पयला आला तं सहदेव. अंकुरची आशा बारीकशीच होती, तो पयला आला अन् सहदेव कुठी पडलाबिडला तरच.

शनवारी नंबर लावाची फेरी होती, म्हंजे कोन पुढून सुटन, कोन मागून. फुफाटा उडू नये म्हून टँकरवाल्यानं पानी मारलं, अन् नळ चालू ठेवून तो गेला पोहे खाले. काळी माती ते, तिले पानी दाखवलं का ते काय सोडते कोनाले? चाकाले असे गोळे चिकटले, असे गोळे, का नागपूरचे मोठमोठे हेल्मेटवाले गाडीवरून उतरून काड्यांनी माती कोरत बसले होते, दात कोरल्यासारखी. आमचं काय, आमी लहानपनापासून याच चिखलात सायकली ओढल्या. मी पयला आलो, सहदेव दुसरा, अंकुर तिसरा. पोट्ट्याईनं मले उचललं. अन् तेवढ्यात म्या पाहिलं, गोपालभाऊ अंकुरले तंबूच्या मागं घेऊन गेला, खांद्यावर हात टाकून काहीतरी समजावून सांगते, अन् अंकुर मान हालवते. मले बोलावलं नाही. मले समजलं. म्हंजे मले वाटलं का मले समजलं. गेलो अन् नवा प्लग बसवला.

रविवारी माहा बाप आला. जानराव. कचेरीतून रिटायर झालेला मानूस, कधी रेस पाहाले आला नव्हता, म्हने, "तू पडशीन अन् मी उभा राहून पाहू?" त्या दिवशी काय मनात आलं कोन जाने, पांढरा शर्ट, कडक इस्त्री, अन् उभा राहिला ऐन फुफाट्यात, दोरीले पोट लावून, गोपालभाऊच्या बाजूले. म्या हेल्मेट घालता घालता पाहिलं. त्यानं हात वर नाही केला. नुसता पाहून राहिला होता. आता अशा मानसापुढं तुमी दुसरे येसान का? सांगा.

रेस सुटली. मी सुटलो. अन् भाऊ, काय गाडी चालली त्या दिवशी, उडीवरून उतरली का मांजरीसारखी उतरे, वळनावर पाय टेकवला का आपोआप फिरे, मले वाटलं का गाडीले बी समजलं हे शेवटचं वर्ष हाये. मागं अंकुर अन् त्याच्या मागं सहदेव. सहदेव डावीकडून काढाले जाये तं अंकुर डावीकडे, उजवीकडून जाये तं अंकुर उजवीकडे, हे मले तवा नाही समजलं, मले मागचं कसं दिसन? मले एवढंच आयकू येऊन राहिलं होतं का अंकुरची गाडी माह्या मागं हाये, अन् जवळच हाये.

शेवटचं चक्कर राहिलं. मी दोरीजवळून निघालो. गोपालभाऊनं बोर्ड वर केला. त्याच्यावर लिवलं होतं: 'जाऊ दे.'

बस. एवढंच. नाव नव्हतं. आता घरी बसून तुमी म्हनसान का धर्मेंद्र, नाव नव्हतं तं विचार कराचा. अरे, त्या उडीच्या अन् वळनाच्या मधात मानूस विचार करते का बसून? बोर्डावर जाऊ दे, मांगून अंकुरची गाडी, काल तंबूमागं कानात कुजबुज, अन् अकोल्यात हाच बोर्ड. एक मन म्हने, नको देऊ. बाप उभा हाये तठी. वावर तुह्यं नाही, गाडी तुही नाही, पन हात तं तुहे हायेत. अन् खरं सांगतो, मन हे म्हनतच होतं तं हातानं आपोआप गाडी हळू केली होती. हाताले सवय झालेली. म्या बाहेरच्या अंगाले घेतली अन् जागा करून देली.

अन् अंकुर बाहेरच्याच अंगानं येऊन राहिला होता, सहदेवले अडवत. त्याले काय माहीत मी मधातच गाडी हळू करीन? आदळला माह्या मागच्या चाकावर. दोघंही गेलो कडेच्या जुन्या टायरांत, गाड्या एकीवर एक. सहदेव आतून निघून गेला. जाता जाता वळून पाहिलं त्यानं, का हे दोघं खेळून राहिले का मस्करी करून राहिले. तो पयला. चॅम्पियन.

मी उठलो. अंकुर माह्या गाडीवर पडला होता, त्याले आधी उचललं, कारन तो उचलल्याशिवाय गाडी निघत नव्हती. हेल्मेटाच्या आतून तो म्हनते, "दादा, तुमी थांबले काहून? मामानं मले सांगितलं होतं, तू सहदेवले अडव, धर्मेंद्रले चॅम्पियन कराचं हाये." मले पयले वाटलं, याच्या डोक्याले मार लागला. तवरक गोपालभाऊ पळत आला, बोर्ड हातात. "अबे, जाऊ दे लिवलं होतं ना म्या!"

म्या म्हटलं, "म्हून तं जाऊ देलं."

"अबे गाडी जाऊ दे. गाडी. पळव म्हटलं."

"मंग नाव काहून नाही लिवलं?"

"अंकुरले सोडाचं असतं तं अंकुरचं नाव लिवलं असतं. अकोल्यात लिवलं होतं का नाही?"

"काल त्याले सांगितलं, तं मले काहून नाही सांगितलं?"

"तुले काय सांगाचं? तू तं समजदार हायेस."

आता बोला. मी कोनाले शिव्या देऊ? हा मानूस आयुष्यात एकदा, फक्त एकदा माह्या बाजूनं उभा राहिला, सोताचा भाचा माह्यासाठी कामाले लावला, अन् मले त्याची ओळखच पटली नाही. आजवर कोनी मले पळव असं म्हटलंच नव्हतं, मंग ते दोन शब्द मी दुसरे कसे वाचू?

गाडी ढकलत आनली. बाप तठीच उभा, दोरीजवळ. शर्ट काळा झाला होता. त्यानं रुमाल काढला, माह्या खांद्यावरची माती झटकली, अन् हळूच विचारलं, "गाडीले काही झालं होतं का?"

आता सांगा. काय सांगू मी त्या मानसाले? का तुह्या पोरानं सोता गाडी हळू केली? का जिंकत होता अन् बाजूले झाला, कारन बाजूले होनंच त्याले येते? त्यानं जलमभर कचेरीत मान खाली घालून आमाले शिकवलं, का तुमाले कोनापुढं सरकाची पाळी येऊ नये म्हून. म्या म्हटलं, "प्लग गेला बा."

"असं," तो म्हने. "मशिनीचं काय, कधी बी जाते." अन् त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. म्या पाहिलं ते.

तवापासून तो सकाळी चौकात च्या प्याले बसला का जो भेटन त्याले सांगते, "माह्या पोराचा प्लग गेला, नाहीतं वऱ्हाडचा चॅम्पियन होता." अख्ख्या मूर्तिजापुरात माहीत झालं. गॅरेजवाल्याचाच प्लग गेला. गिऱ्हाईक हासतात. आता बापाले खोटं पाडू का? हासू द्या. रश्मीले तेवढं खरं माहीत हाये, ते म्हने, "घरी मी भाजीत मीठ बरोबर हाये म्हटलं तं तासभर भांडता. अन् तठी खडूच्या दोन अक्षराले ऐकलं?" मीठ कमीच होतं पन.

अन् रेसच्याच दिवशी संध्याकाळी बक्षिसाचा कार्यक्रम होता. सहदेवले कप देला, टाळ्या झाल्या. मी मागं खुर्चीवर, गुडघ्याले हळद लावून. तेवढ्यात माइकवाला आपल्या पुस्तकी आवाजात म्हनते, "आणि आता खिलाडूवृत्तीचा विशेष पुरस्कार, ज्यांनी स्वतःच्या विजेतेपदाची पर्वा न करता पडलेल्या सहकाऱ्याला आधी हात दिला, ते आपले धर्मेंद्रभाऊ." अरे, तो माह्या गाडीवर पडला होता. पन बाप उभा राहून टाळ्या वाजवत होता, त्या काळ्या झालेल्या शर्टात. गेलो वर. पाहुन्यानं ढाल हातात देली. सगळे फोटोले उभे राहिले, मी ढाल छातीशी धरून मधोमध. फोटोवाल्यानं कॅमेऱ्यातून डोकं बाहेर काढलं अन् म्हने, "भाऊ, तुमी जरा बाजूले व्हा, गोपालभाऊले मधात येऊ द्या."

सरकलो.