मी ड्रमर आहे, घड्याळ नव्हे!

...आणि वर मलाच म्हणतो, "स्टॅन, सोप्पं आहे रे, नुसतं धप् धप् धप् धप्!" सोप्पं? अहो, सोप्पं आहे हेच तर दुखणं आहे! चौदा वर्षं मी या लेस्टर टॅटरसॉलच्या पाठीमागे बसून ड्रम वाजवतोय, आमच्या बार्न्सली गावातल्या खाणकामगारांच्या एकूण एक क्लबात. खाणीतून वर आलेली माणसं आमचं रॉक ऐकून टेबलं बडवायची, एकदा तर माझ्या दणक्याने छताचा पोपडा थेट बिअरमध्ये पडला, आणि ती बिअर तो माणूस तशीच प्यायला! आणि हा आमचा गायक परवा तालमीला येतो तो पांढरी पाटलोण घालून. पांढरी! कोळशाच्या गावात! म्हणतो, "आता आपण डिस्को करायचं." मी म्हटलं, "लेस्टर, बाबा रे, मी ड्रमर आहे, घड्याळ नव्हे!"

तुम्हाला सांगतो, गावात उभी फूट पडली. खाटीक त्याला सॉसेज देईना, सख्खा भाऊ खाणीत त्याचं नाव काढू देईना... आणि तिकडे पोस्टातल्या बायका? "अगं बाई, काय दिसतो गं त्या पाटलोणीत!" आता गाणं काय पाटलोणीतून येतं?

मी बरा गप्प बसेन! सरळ इनॉक ब्रॅमहॉलला गाठलं. हा हॉयल लेन क्लबचा सेक्रेटरी, माइक त्याच्या ताब्यात. म्हटलं, "इनॉक, शनिवारी याचं तिसरं गाणं सुरू झालं रे झालं, की बिंगो पुकारा." काय डोकं चालवलं! कारण आमच्याकडे बिंगो म्हणजे बिंगो. गाणारा अर्ध्या ओळीवर गप्प, बायका तिकिटावरचे आकडे खोडायला पेनं काढून तयार, खोकला आला तर गिळायचा. एकदा एक म्हातारा चक्कर येऊन पडला, तर आकडे संपेपर्यंत त्याला कुणी उचलला नाही! त्यापुढे डिस्को म्हणजे किस झाड की पत्ती? एकदा आपटलं की लेस्टर येईल ताळ्यावर. नाही आला तर मी बँड सोडणार, हे मी डोरीनला, म्हणजे आमच्या बायकोला, सांगून टाकलं होतं. ती म्हणाली, "बघू."

शनिवार उजाडला. पहिलं गाणं, सगळ्या पुरुषांनी खुर्च्या फिरवून पाठी केल्या. वा! दुसरं गाणं, कुणीतरी ओरडलं, "अरे, ती पाटलोण दुधवाल्याला परत दे!" वा वा! तिसरं सुरू झालं आणि इनॉक माइकवर, "शांतता! बिंगो!" लेस्टरचं तोंड उघडं ते उघडंच, सवय हो! ड्रमच्या पेडलवरचा माझाही पाय थांबला. जिंकलोच की!

...पण बसतंय कोण? नाचता नाचता थांबलेल्या सगळ्या बायका मध्ये उभ्या, जागच्या जागी. इनॉक म्हणतो, "पहिला आकडा..." तेवढ्यात एक आवाज, "इनॉक, तो माइक ठेवा खाली!"

कोण? डोरीन! जिने लग्नाच्या सोळा वर्षांत एक बिंगो चुकवला नाही! जी दर शनिवारी कोपऱ्यात सगळ्यांचे कोट मांडीवर घेऊन बसते! कोट बघतो तर त्या पाठमोऱ्या पुरुषांच्या मांडीवर!

आणि ती सरळ माझ्याकडे बघून, "स्टॅन! थांबलास का?"

चेहरा लालबुंद, केस विस्कटलेले... अहो, मी तिला नाचताना कधी पाहिलंच नव्हतं. पाहणार कसा? नाच असेल तिथे मी ड्रममागे. आणि ती कोटांमागे. वाईट वाटलं हो मला, खरंच वाटलं. पाय आपोआप पडला. धप्. मग धप् धप् धप् धप्... चाळीस मिनिटं! बिंगो झालाच नाही. क्लबाच्या इतिहासात पहिल्यांदा!

सकाळी गुडघा भोपळ्याएवढा. डोरीनने गरम पाण्याची पिशवी आणून ठेवली आणि म्हणाली, "काल काय वाजवलंस रे!" सोळा वर्षांत पहिलं कौतुक, आणि तेही कशाचं? एका ठोक्याचं! मी म्हटलं, "अगं, मी ड्रमर आहे, घड्याळ..."

"हो रे हो. पुढच्या शनिवारी जरा जोरात."

घड्याळ तर घड्याळ... निदान बायको बघते तरी माझ्याकडे.