बर्फावरच्या गाडीचं इंजिन

मारेन : थांबा, थांबा. आधी ते वर कोण गेलंय ते सांगा, हॅल्वरकाका.

हॅल्वर : तुझी आई.

मारेन : एकटी?

हॅल्वर : आम्ही बनवलेल्या त्या छोट्या गायरोकॉप्टरमध्ये एकाच माणसाची जागा आहे.

मारेन : आणि तुम्ही इथे गवतात उभे राहून आकाश बघताय! मला फोनवर म्हणाली, तू फार्गोहून येईपर्यंत जेवणाची हॉटडिश ओव्हनमधून काढते. घरात ओव्हन चालू, दार सताड उघडं, आणि बाईसाहेब ढगात!

हॅल्वर : फेरी छोटीच आहे. चर्चपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. पहिल्यांदा का उडतेय ती? अख्खा उन्हाळा उडतेय.

मारेन : मग तुमचा चेहरा असा का?

हॅल्वर : कसा?

मारेन : बाबांना दवाखान्यात नेलं तेव्हा होता तसा.

हॅल्वर : अगं... गेल्या आठवड्यात इंजिनाखाली काळी भुकटी सापडली.

मारेन : कसली भुकटी?

हॅल्वर : रबराची. हे बघ, इंजिन आर्नेच्या, तुझ्या बाबांच्या स्नोमोबाइलचं. बर्फावर पळताना त्याला पट्टा असतो. इंजिनाने कितीही हिसके दिले तरी तो पट्टा गिळून टाकतो. इथे आम्ही पट्टा काढला, गिअरबॉक्स लावला आणि त्याला पुढे ढकलणारा मागचा पंखा. मधे फक्त एक रबरी चकती. आता सगळे हिसके तिच्याच नशिबी.

मारेन : आणि ती झिजतेय.

हॅल्वर : नवी मागवलीय.

मारेन : आईला माहीत आहे हे?

हॅल्वर : मीच दाखवली भुकटी. बोटावर घेतली, बघितली, पँटला पुसली. म्हणते, गहू कापून झालाय, जिकडे बघावं तिकडे धसकटं. बंद पडलं तर कुठेही उतरेन. तुझी चकती येईपर्यंत बर्फ पडेल.

मारेन : आणि तुम्ही ऐकून घेतलंत!

हॅल्वर : थोराला आजवर कोणी अडवलंय? तू अडवलंस कधी?

मारेन : निदान किल्ली तरी लपवायची!

हॅल्वर : लपवली होती. तिने तारा जोडून सुरू केलं.

मारेन : अरे देवा... आणि आज उकडतंय किती! बाबा म्हणायचे, हे इंजिन गार राहतं ते अंगावर बर्फ उडतो म्हणून.

हॅल्वर : त्याला मोठा रेडिएटर बसवलाय, तापायची भीती नाही. अशा येरझाऱ्या घालू नकोस गं, मला ऐकू येत नाही.

मारेन : काय ऐकायचंय?

हॅल्वर : श्श.

मारेन : आली! ती बघा, चर्चच्या अलीकडे! आली ना?

हॅल्वर : आवाज बरोबर नाही.

मारेन : म्हणजे?

हॅल्वर : इंजिन सुसाट पळतंय, पण त्याच्यावर ओझं नाही. चकती गेली. मागचा पंखा सुटला त्याच्यापासून. थोरा, बंद कर. बंद कर ते, बाई!

मारेन : बंद पडलं! काका, बंद पडलं!

हॅल्वर : पडलं नाही, तिने केलं. शहाणी.

मारेन : आता पडेल ना ती!

हॅल्वर : दगडासारखी नाही पडत. डोक्यावरचा मोठा पंखा इंजिनाने फिरतच नाही, वाऱ्याने फिरतो. खाली येतानाही फिरत राहतो. पण लांब जाता येत नाही. जे पायाखाली असेल त्यात उतरायचं.

मारेन : पायाखाली काय आहे तिथे?

हॅल्वर : सूर्यफुलं. शेजारच्या हाउगेनची. माणसाएवढी उभी आहेत अजून.

मारेन : धसकटं आहेत म्हणाली होती ना!

हॅल्वर : ती रस्त्याच्या इकडे. चल, तुझी गाडी काढ. माझा ट्रक सुरू व्हायला वेळ लागतो.

(खडीच्या रस्त्यावर मारेन गाडी पिटाळते आहे. हॅल्वरच्या हातात फोन, स्पीकर चालू.)

मारेन : उचलला?

हॅल्वर : वाजतोय नुसता.

मारेन : पुन्हा लावा. धूर दिसतोय का कुठे?

हॅल्वर : नाही. समोर बघ, समोर! खड्ड्यात घालशील दोघांना.

मारेन : मी तिला शहरात ये म्हणाले होते. वरची खोली रिकामी करून ठेवली होती. म्हणाली, खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते...

हॅल्वर : थोरा? थोरा! अगं, बोल!

थोरा : ओरडू नकोस, हॅल्वर. फोन सीटखाली गेला होता.

मारेन : आई, कुठे आहेस तू?

थोरा : मारेन? सूर्यफुलांत आहे गं. रस्त्यावरून दिसणार नाही, आडव्या झालेल्या झाडांच्या मागोमाग या.

मारेन : हलू नकोस! आलोच. काका, उतरा. इकडून, इकडून. आई! ती बघा... आई!

थोरा : जिवंत आहे, रडू नकोस. चाक मोडलंय, वरचा पंखा गेला. पण आर्नेच्या इंजिनाला ओरखडासुद्धा नाही. हॅल्वर, नवी चकती आली की आपण—

हॅल्वर : नाही.

थोरा : काय नाही?

हॅल्वर : मी नाही बसवणार. चकती नवी घातली तरी हिसके तेच. आज सूर्यफुलं होती, उद्या विजेच्या तारा असतील. उडायचंच असेल तर उडण्यासाठी बनवलेलं इंजिन आण, रात्रभर जागून बसवून देतो. हे नाही.

थोरा : चार हिवाळे ते कोठारात पडून होतं, हॅल्वर. सुरू केलं की वाटतं, आर्नेच आलाय अंगणात.

हॅल्वर : मलाही वाटतं. म्हणून तर भुकटी बघूनही नुसती किल्ली लपवली. इंजिनच उतरवायला हवं होतं.

थोरा : बंद केल्यावर इतकं शांत झालं... नुसती डोक्यावर वाऱ्याची सूंसूं. घराच्या अंगणात तुझी गाडी दिसली, मारेन. लाल ठिपका.

मारेन : भीती नाही वाटली?

थोरा : वाटली. फार वाटली गं.

मारेन : चल, उतर आता.

थोरा : सीटचा पट्टा निघत नाहीये.

मारेन : मी काढते. हा निघाला. हात दे.

थोरा : तो दुखतोय.

मारेन : मग दुसरा दे.