इद्रिसची हाळी

(विद्यापीठामागचा डोंगर, लेण्यांखालची उतरण. दिवस कलतोय.)

मल्हारराव : कुंपणाची तार ओढायचीय म्हणून सांगायला आलीस ना? ओढा. बाहेरदेशच्या पोरांचं वसतिगृह बांधा. माझी मेंढरं वरच्या अंगानं नेईन म्या.

फहमिदा : तारेसाठी नाही आले, मामा. बसू का इथं?

मल्हारराव : बस की. धोंडा काय माझ्या बापाचा हाय? वहाब शिंप्याची लेक तू, लहानपणापासून बघतोय. आता हापिसात मॅडम झालीस म्हणून भ्यावं लागतंय.

फहमिदा : भिऊ नका. त्या हापिसात एक टेबल आणि मी. देशाचं नवं धोरण आलं ना, बाहेरची पोरं इथं शिकायला यावीत, आपली तिकडं जावीत, म्हणून ते दार उघडलंय.

मल्हारराव : यावीत म्हंजी? पयले काय कमी येत व्हती? बेगमपुऱ्यात दर दुसऱ्या खोलीत येमेनचा नाय तर सोमालियाचा पोरगा. तव्हा कुठं व्हतं तुमचं धोरण?

फहमिदा : तव्हा कुणी बोलावत नव्हतं तरी येत होती. आता बोलावतो, तर येत नाहीत. म्हणून साहेब म्हणाले, जी शिकून गेली त्यांना शोध, फोन लाव. ती तिकडं आपल्याबद्दल चार शब्द चांगले बोलली, तर त्यांच्या मुलखातली पोरं येतील.

मल्हारराव : मंग माझ्याकडं काहून? म्या तर शाळेच्या मागं मेंढरं चारली, आत नाय गेलो.

फहमिदा : इद्रिस आठवतो?

मल्हारराव : सुदानचा. जोंधळ्याच्या ताटावानी उंच. रोज उन्हं उतरली की इथं यायचा. त्याच्या बापाचीबी मेंढरं व्हती म्हणं, आपल्याहून लई. वसतिगृहात झोप येत नाय म्हणायचा, लेंड्यांचा वास नाय तिथं.

फहमिदा : तोच.

मल्हारराव : पयल्या दिशी मला म्हणला, मामा, तुमची मेंढरं बहिरी हायेत. अन् दिली त्यानं हाळी, त्याच्या मुलखाची. सगळा कळप माझ्याकडं पाठ करून त्याच्याकडं गेला. धनगराच्या पोटी येऊन काय बघावं लागलं.

फहमिदा : खाली आमच्या गल्लीपर्यंत ऐकू यायची ती. अम्मी म्हणायची, चलो, दिवे लावा, इद्रिसने बकरे बुलाये.

मल्हारराव : मेंढरं.

फहमिदा : हौ, मेंढरं.

मल्हारराव : लागला व्हय त्याला फोन? काय म्हणला? मराठी इसरला आसंल.

फहमिदा : त्याचा नंबर बंद होता. त्याच्यासोबत शिकलेल्या एकानं बहिणीचा दिला. ती म्हणाली, औरंगाबादहून? मी म्हणाले, हौ, आता संभाजीनगर. आणि लगेच माझं पाठ केलेलं बोलायला लागले, की तुमच्या भावानं आमच्याबद्दल चार शब्द चांगले सांगावेत. तिला बोलूच दिलं नाही मी.

मल्हारराव : मंग?

फहमिदा : तिकडं लढाई लागली ना, मामा. तो शिकवायचा तिथं, मोठ्या शहरात. रमजान सरत आला होता. घरावर गोळा पडला.

मल्हारराव : कोणत्या सालचा रमजान?

फहमिदा : झाली की दोन वर्षं.

मल्हारराव : मंग इथं कोण येतंय?

फहमिदा : कुठं?

मल्हारराव : म्हातारा चळला म्हण. पर ऊन त्या कड्यावरनं सरलं की म्होरची मेंढी थांबती. कान टवकारती. मंग समदी लेण्यांकडं तोंड करून उभी. चरत नायत, हलत नायत. म्या म्हणायचो, आला इद्रिश्या, सुट्टी काढून आला, वर बसून माझी गंमत करतोय.

फहमिदा : सवय असेल त्यांना त्याच्या आवाजाची.

मल्हारराव : त्याला ऐकलेली एकबी मेंढी जित्ती नाय, पोरी. तो इथनं जाऊन तप उलटलं. ही समदी मागनं जन्मलेली.

फहमिदा : असं नका बोलू. मला एकटीला खाली उतरायचंय.

मल्हारराव : म्या येईन बेगमपुऱ्यापतुर. बोल, काहून आलीस? नुसतं हे सांगायला डोंगर चढली नाय तू.

फहमिदा : घर जळालं, त्यात फोटो गेले, फोन गेला. त्याची आई आता दुसऱ्याच देशात, तंबूत राहते. बहीण म्हणाली, आईला त्याचा चेहरा आठवतो, आवाज आठवेना झालाय. कुणी आहे का तिथं, त्याला ऐकलेलं? मी म्हणाले, आहे. त्याची हाळी येते एकाला. फोन लावून द्यायचं कबूल केलंय, मामा. आता, उजेड असताना.

मल्हारराव : नाय जमायचं.

फहमिदा : एकदाच.

मल्हारराव : एकदाच दिलीय म्या ती, तो त्याच्या मुलखात परत गेला त्या वर्साला. धावत आली समदी. अन् माझ्या पाठीमागं बघत उभी राहिली. माझ्याकडं एक बघंना. माझी बायको बानाबाई म्हणली, दुसऱ्याच्या गळ्यानं हाक मारू नये, तो तिकडं दचकत आसंल. तिनं त्याच्यावर ओवी बांधलीय दळताना.

फहमिदा : म्हणा की.

मल्हारराव : तिच्यावानी नाय येत मला.
समिंदरापल्याड गं, कुण्या माऊलीचा लेक,
माझ्या वाड्याच्या चुलीला, त्याची भाकर गं एक.

फहमिदा : तीच माऊली वाट बघतेय, मामा. आता दचकायला तो नाही राहिला.

मल्हारराव : पर मेंढरं येतील. तो येणार नाय. ते तिला ऐकू आलं तर?

फहमिदा : ते तिला आपल्या आधीपासून माहीत आहे.

मल्हारराव : ...लाव.

फहमिदा : लागतोय. हां, बहीण आहे. आईच्या कानाला धरते म्हणाली.

मल्हारराव : हाऽऽय्या, तआऽऽल, तआऽऽल, होऽऽ

फहमिदा : परत म्हणते. आई म्हणते, परत.

मल्हारराव : तआऽऽल, तआऽऽल, होऽऽ. काय आसंल गं ह्याचा अर्थ? कधी इचारलंच नाय त्याला.

फहमिदा : ये. नुसतं, ये.

मल्हारराव : रडती का?

फहमिदा : नाही. काहीतरी विचारतेय. बहीण इंग्रजीतून सांगते... आई म्हणते, आली का?

मल्हारराव : सांग, आली. समदी भवताली हायेत.

फहमिदा : म्हणते, अंधार पडायच्या आत?

मल्हारराव : व्हय म्हण. अजून उजेड हाय.