सातवीचं विज्ञान आणि मास्तरांचा ब्रेक

...नाही नाही, शाळेत हल्ली काही शिकवत नाहीत असं माझ्यासमोर म्हणू नका, बाकी काहीही म्हणा! शिकवतात हो! नको तेवढं शिकवतात! आमच्या भाचीच्या वर्गात, सातवीत, या सत्रात काय काय चाललंय ऐका. गणितात शेकडेवारी, म्हणजे "मामा, तू आत्ता जे बोललास त्यातलं ऐंशी टक्के तू मागच्या वेळी बोलला होतास." नागरिकशास्त्रात हक्क आणि कर्तव्यं, म्हणजे हक्क तिचे आणि कर्तव्यं आमच्या ताईची. भूगोलात वारे... ते ठीक आहे, वाऱ्यानं कुणाच्या घरात भांडण होत नाही. पण विज्ञान! विज्ञानात मज्जासंस्था! त्या एका धड्यापायी आमच्या भावजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, जीव असा टांगणीला लागला की मी सांगतानासुद्धा माझे तळवे ओले होतात, बघा, बघा हात लावून! आणि कशामुळं? सातवीच्या विज्ञानामुळं!

आता भावजी कोण, तर ड्रायव्हिंग स्कूलचे मालक. म्हणजे पाटीवर मालक. खरे मालक त्यांचे वडील, मास्तर. सख्खी सूनसुद्धा त्यांना मास्तरच म्हणते. गावातल्या निम्म्या लोकांना गाडी मास्तरांनी शिकवली आणि उरलेले निम्मे त्या निम्म्यांच्या वाटेतून बाजूला होतात. केस पांढरेशुभ्र, पण रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून शिकाऊ माणसाच्या शेजारी बसणार म्हणजे बसणार. आणि शिकवायची पद्धत काय, तर आवाज! "क्लच म्हणजे काय झुरळ आहे का, पाय आपटताय ते? हळू!" भावजींना स्वतःला गाडी शिकवली ती डोक्यात टपल्या मारून. आज भावजींचं पोट सुटलंय, मिशा पिकल्यात, पण वडील खोलीत आले की हातातला फोन असा पाठीमागे लपवतात... चाळिशी उलटलेला माणूस!

तर एका संध्याकाळी भाची फूटपट्टी घेऊन बसली. "प्रयोग आहे. मी पट्टी वरून सोडणार, तुम्ही खाली दोन बोटांत पकडायची. डोळ्यानं बघितलं, मेंदूला निरोप गेला, मेंदूनं हाताला हुकूम केला, याला किती वेळ लागतो ते पट्टीवरनं कळतं." ताईनं पहिल्याच फटक्याला पकडली. का नाही पकडणार, दिवसभर त्या घरात पडणाऱ्या वस्तूच पकडते ती! भावजींनी जरा खाली पकडली. मी... माझं राहू द्या. आणि मग मास्तर म्हणाले, "आण इकडे. यात काय आहे एवढं?"

सोडली. खट्! जमिनीवर.

"तू न सांगता सोडलीस."

"आजोबा, सांगून सोडली तर तो प्रयोगच नाही."

पुन्हा. खट्! "ही प्लास्टिकची गुळगुळीत आहे, लाकडी आण." लाकडी आणली. खट्! "उजेड कमी आहे." दिवा लावला. खट्! आम्ही सगळे हसतोय हो, भावजी तर डोळ्यांतलं पाणी पुसतायत, वडिलांना हसायची संधी आयुष्यात पहिल्यांदा मिळालेली. आणि हसता हसता भावजींचं लक्ष पोरीकडे गेलं. ती हसत नव्हती. पट्टी मिटल्या हातात धरून म्हणाली, "राहू द्या आजोबा. झाला प्रयोग."

आणि स्वयंपाकघरात आली बापाच्या मागोमाग आणि हळूच विचारलं, "बाबा, आजोबांच्या पायाखाली जास्तीचा ब्रेक असतो ना? शिकणाऱ्या माणसानं नाही दाबला तर आजोबा दाबतात, तोच?"

तुम्हाला सांगतो, त्या माणसाच्या हातातला पाण्याचा ग्लास अर्ध्या वाटेत थांबला! कारण हे त्यांना माहीत होतं हो. माहीत होतं म्हणजे... मागे एकदा गाडीचा बंपर चेपून आला होता, मास्तर म्हणाले खांब आडवा आला. मग एकदा आरसा गेला, मास्तर म्हणाले आरसे हल्ली कच्चेच येतात. भावजींनी ऐकलं, मान हलवली, आरसा बदलला. जी गोष्ट माणूस वर्षभर स्वतःपासून झाकून ठेवतो ती पोरीनं एका प्रश्नात उघडी केली. कशामुळं? सातवीच्या विज्ञानामुळं!

मग काय, नवराबायकोत सुरू! ताई म्हणाली, "तुम्ही सांगा." "मी? तू सांग, तुझं ऐकतात." "वडील तुमचे." "सासरे तुझे." "अहो, उद्या काही झालं तर?" "उद्या सकाळी सांगतो." "सकाळी कधी?" "सकाळी म्हणजे सकाळी!" आणि सकाळी आंघोळ करताना भावजी नळाशी बोलून सराव करतायत, मी त्या रात्री तिथंच मुक्कामाला होतो, बाहेरून ऐकलंय, "मास्तर, तुमचं आता वय झालं... नको. मास्तर, तुम्ही विश्रांती... नको. मास्तर, डॉक्टर म्हणतात... कुठले डॉक्टर?"

बाहेर येतात तर काय, मास्तर गाडीत! शिकाऊ बाई लवकर आलेल्या. आणि त्या कोण, तर दातांच्या डॉक्टरीणबाई. जन्मभर लोकांना "घाबरू नका, काही होत नाही" सांगत आल्या आणि स्वतः स्टीअरिंग असं आवळून बसलेल्या की ते उपटून हातात येईल! भावजी ओल्या केसांनी धावत गेले, मागचं दार उघडलं आणि बसले.

"तू का आलास?" मास्तर.

"मागनं कसलातरी आवाज येतोय म्हणे गाडीत."

"मागे कुणी बसलं की येतो. उतर."

"बसूनच बघतो."

निघाली गाडी! आता जरा कल्पना करा त्या माणसाची. पुढे बाई, शेजारी वडील, वडिलांच्या पायाशी तो ब्रेक, आणि मागे हे, दोन सीटच्या मध्ये मुंडकं घालून मास्तरांच्या बुटाकडे बघत बसलेत! रस्ता बघत नाहीत, बूट बघतायत! पहिला चौक आला, बाईंनी स्वतःच ब्रेक दाबला, मास्तरांचा बूट हलला, पण गाडी थांबल्यावर. दुसरा चौक, तसंच. गाडी थांबते, मग बूट हलतो. शाबासकी मात्र मास्तर स्वतःलाच देतायत, "बघितलंत, मी होतो म्हणून!" भावजींच्या मनात, आत्ता सांगावं... नको, बाई घाबरतील. पुढच्या वळणावर सांगावं... नको, वळण आहे. सरळ रस्ता लागला की सांगावं... सरळ रस्ता लागला तर मास्तरच म्हणाले, "हं, आता तिसरा गिअर. जरा पळू द्या तिला." पळू द्या! बाईंनी डोळे बारीक केले, ओठ आवळले आणि दिला पाय!

आणि दोन उभ्या टेम्पोंच्या मधून एक शिडी बाहेर आली.

आधी शिडी. माणूस नंतर. एक रंगारी, खांद्यावर शिडी, हातात डबा, तोंडानं शीळ घालत रस्त्यात उतरला. बाईंनी काय करावं? ब्रेक? छे! दोन्ही हात स्टीअरिंगवरून काढले आणि तोंडावर ठेवले! मास्तर ओरडले, "ब्रेक!" तोंड वेळेवर होतं बरं का, तोंडाला काही झालेलं नाही. पण बूट... भावजी सांगतात, मी बघत होतो, मास्तरांच्या डोळ्यांनी बघितलं होतं, मेंदूनं हुकूम सोडला होता, आणि तो हुकूम गुडघ्यापाशी कुठंतरी पत्ता विचारत उभा होता! बूट उचलला गेला, हवेत राहिला... आणि हे मागून पुढे झेपावले, दोन सीटच्या मधला हँडब्रेक दोन्ही हातांनी धरला आणि खेचला!

किंचाळली गाडी! मागचं बूड फिरलं, एक गचका बसला आणि बंद पडली. शिडीचं टोक आणि समोरची काच, मध्ये तळहात मावला नसता. बाई बोटांच्या फटीतून म्हणतायत, "मेला का? मेला का?" रंगारी मेला नव्हता, त्याची शीळ तेवढी थांबली होती. त्यानं डबा खाली ठेवला, गाडीवरचा शिकाऊचा फलक वाचला, काचेतून आत वाकून तिघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि विचारलं, "यातलं शिकतंय कोण?"

मास्तर म्हणाले, "तिघंही."

गाडी कडेला लावली. मास्तर उतरले. भावजी उतरले आणि सवयीनं डोकं जरा खाली घेतलं, टपली येणार म्हणून. टपली आली नाही. मास्तर त्या टेम्पोला टेकून उभे राहिले आणि स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत बसले, एखाद्या जुन्या नोकरानं दगा दिल्यासारखं. मग म्हणाले, "काल पट्टी पडली तेव्हा तू हसत होतास."

"हो."

"मग हसायचा थांबलास."

"हो."

"मग रात्रीच का नाही बोललास?"

भावजींनी नळासमोर केलेला सगळा सराव गेला वाऱ्यावर, आणि तोंडातून निघालं काय, तर खरं. "तुमची भीती वाटते मला."

मास्तर म्हणाले, "मला स्वतःलाही कळत होतं रे. बंपर गेला तेव्हाच कळलं. म्हटलं, कुणी काही बोलत नाही, म्हणजे चालतंय. तुम्ही सगळे मला घाबरलात... आणि मी त्या पट्टीला." आणि हात पुढे केला. भावजींनी तो धरला. आणि त्यांच्या घराण्यात कुणी कुणाचा हात धरत नाही हो! भर रस्त्यात, शिडीवाला बघतोय, डॉक्टरीणबाई रुमालानं डोळे पुसतायत... कशामुळं? सातवीच्या विज्ञानामुळं!

नंतर मास्तरांना डॉक्टरांकडे नेलं. वयाचं आहे, बाकी ठणठणीत, फक्त गाडीपासून लांब, म्हणाले. ते मास्तरांनी तिथं रस्त्यातच ठरवलं होतं. मागचं दार उघडून आत बसले आणि भावजींना म्हणाले, "बस पुढे. बाईंचा तास अजून संपलेला नाही."

आता म्हणाल, झालं ना सगळं छान? छान! आज पुढच्या सीटवर भावजी असतात, ब्रेक भावजींच्या पायाखाली असतो, आणि मास्तर? रोज इस्त्रीचा शर्ट घालून मागे! म्हणतात, मी फक्त बसतो, एक शब्द बोलणार नाही. आणि खरंच बोलत नाहीत. नुसते खाकरतात. त्यांचं "अंहं!" आलं की शिकणारा दचकतो, भावजी दचकतात आणि दोघं एकदम ब्रेक दाबतात. डॉक्टरीणबाई परीक्षा पास झाल्या, उत्तम गाडी चालवतात... पण आता एकटीनं थांबवता येत नाही हो त्यांना! मास्तरांनी खाकरल्याशिवाय त्यांचा पायच हलत नाही. तेव्हा आता त्यांच्या दवाखान्यात जाता-येताना मागच्या सीटवर कोण असतं, ते तुम्हीच ओळखा. आणि मास्तरांना बाईंच्या घरी सोडायला-आणायला रोज स्कूटर घेऊन कोण जातं? मी!