सातवी पास जीप

तुमी हसान, पण आमच्या रेसमधी गाड्यांचा एक वर्ग ‘सातवी’ आहे. गडचांदूरकडच्या बंद खाणीत आमी हौशी लोक सहा तास चिखलात गाड्या पळवतो. इंजिन अन् टायर पाहून आमी वर्ग पाडले होते चारच. तिथं नागभीडच्या शोभाबाई जीप घेऊन आल्या. मागं ट्रॅक्टरचे टायर, इंजिन भलत्याच गाडीचं. जीप कोणत्याच वर्गात बसेना. फारम भरताना मी इचारलं, “बाई, वर्ग कोणता?”

“सातवी पास.”

सारे हसले. मी म्हटलं, “तुमचा नाई बाई, गाडीचा.”

“हसून काऊन राह्यले? गाडी म्याच बनवली. मंग तिचा वर्ग माहाच ना?”

मी फारमवर लिहिलं, सातवी. त्या दिवशी आमच्या अर्ध्या गाड्या फसल्या. बाईनं त्यातल्या दोन ओढून काढल्या, अन् तरी सगळ्यात जास्त चकरा मारल्या. तवापासून जो स्वतः गाडी बनवते तो सातवीत, अन् तपासाले बाईच.

यंदा एक इंजिनिअर सातवीत नाव द्याले आला. बाईनं बोनेट उघडलं.

“हे इंजिन कोणं बसवलं?”

“मेकॅनिकनं.”

बाईनं बोनेट लावलं अन् मले म्हणाल्या, “भाऊ, याले चौथीत बसवा.”